आधी गा, मग वाजव

अरे, स्केल, म्हणजे सुरांचा ठरलेला क्रम, पाठ झाली म्हणजे इम्प्रोव्हायझेशन, ऐन वेळी सुचेल ते वाजवणं, आलं असं नाही. सोलापुरात वरातीत सॅक्सोफोन वाजवायचो तेव्हा माझी बोटं पळायची, पण सांगायला काही नसायचं.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं १९५९ मधलं 'सो व्हॉट' घे. ३२ बार (चार-चार मात्रांचे तुकडे): १६ डी डोरियन स्केलमध्ये, ८ तीच स्केल अर्धा सूर वर, ८ परत खाली. डोरियन म्हणजे आपला काफी थाटच, डीला सा धरून. सिद्धेश्वर तलावाकाठी फिरताना सा, कोमल ग, म, प एवढेच स्वर गुणगुण. एक ओळ गा, दोन बार गप्प राहा, मग तीच ओळ शेवट बदलून. ती गप्प जागा भरू नकोस, बास, म्हणजे खालच्या सुरांचं वाद्य, तिथंच ऐकू येतो. सतराव्या बारला स्केल वर सरकते, तिथं एफचा, म्हणजे त्या कोमल गचा, जी फ्लॅट कर. बदल लगेच कानाला लागतो. वाद्य नंतर उचल.