ईपीएस-95 ची (पीएफसोबतची 1995 ची कर्मचारी पेन्शन योजना) महिन्याची किमान पेन्शन 1,000 रुपयांवरून 7,500 का करत नाहीत?

कारण त्या फंडात तेवढे पैसे जमाच होत नाहीत, फरक सरकारलाच बजेटमधून भरावा लागेल. हिशोब ईपीएसच्या फॉर्म्युल्यातच आहे बघा, पेन्शनसाठी धरला जाणारा पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70, म्हणजे 2014 ला ठरलेली 15,000 ची पगाराची लिमिट धरली आणि 15 वर्षं नोकरी झाली तरी साधारण 3,214 च बसतात. फंडात पगाराच्या मालकाचे 8.33 टक्के आणि सरकारचे 1.16 टक्के एवढीच भर, आणि माणसं आता जास्त जगतात त्यामुळे पेन्शन जास्त वर्षं द्यावी लागते. पण म्हणून बुलढाण्यातून या 7,500 साठी लढणाऱ्या पेन्शनरांची मागणी चुकीची ठरत नाही, कारण या पेन्शनला महागाई भत्ताच नाही. नुसती पगाराची लिमिट वाढवली तर फायदा पुढे रिटायर होणाऱ्यांना, आधीच्यांना काहीच नाही.