कॉन्सेप्ट इन्व्हेंटरीला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा होता की इंजिनिअरिंगच्या मुलांना विषय मुळातून कळलाय का हे बघायला ‘कॉन्सेप्ट इन्व्हेंटरी’ नावाची टेस्ट घेतात, तिला ‘संकल्पना-सूची’ म्हटलं तर चालेल का?

मला नाही पटत. सूची म्हटलं की पुस्तकाची शेवटची पानं आठवतात, आणि इथे यादी असलीच तर ती मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेल्या चुकीच्या कल्पनांची. अशा टेस्टमधली सगळ्यात गाजलेली म्हणजे भौतिकशास्त्रातल्या बलाबद्दलची फोर्स कॉन्सेप्ट इन्व्हेंटरी, १९९२ साली अमेरिकेत हेस्टेनीस, वेल्स आणि स्वॅकहॅमर या तिघांनी मांडलेली. आकडेमोड जवळपास शून्य. मोठा ट्रक आणि छोटी कार समोरासमोर धडकली, कोणी कोणावर जास्त बल लावलं? न्यूटनचा तिसरा नियम धडाधडा म्हणून दाखवणारी कितीतरी मुलं इथे बिनधास्त ट्रकवर टिक करतात, कारण कारचा चेंदामेंदा डोळ्यांसमोर असतो ना! (दोन्ही बलं सारखीच, कारचं वस्तुमान कमी म्हणून हाल तिचे जास्त.) म्हणजे चुकीचे पर्याय नुसते जागा भरायला नसतात, मुलं खरोखर जशी उत्तरं देतात त्यातूनच ते उचललेले असतात, त्यामुळे कुठला पर्याय निवडला यावरून घोळ नेमका कुठे आहे तेही कळतं. पुढे याच धर्तीवर स्टॅटिक्स, सिग्नल्स अँड सिस्टिम्स वगैरे विषयांच्याही निघाल्या.

‘संकल्पना चाचणी’ चुकीचं नाही पण त्याला घटक चाचणीचा वास येतो, मार्क आले, पास-नापास आलं. ही तर बरेचदा कोर्सच्या आधी एकदा आणि नंतर एकदा घेतात, शिकवण्याने फरक पडला का ते बघायला, म्हणजे परीक्षा खरं तर मास्तरांचीच.

मानसशास्त्रवाले व्यक्तिमत्त्वाच्या इन्व्हेंटरीला ‘शोधिका’ म्हणतात, तो शब्द इथे चपखल बसतो. आणि ‘संकल्पना’च्या जागी मी तर सरळ ‘समज’ घेईन. ‘तिला विषयाची चांगली समज आहे’ यात ती स्त्रीलिंगी, म्हणजे आकलन, आणि ‘माझा असा समज होता’ यात तो पुल्लिंगी, बहुतेक वेळा चुकीचाच निघणारा! या टेस्टला दोन्ही शोधायचे असतात, म्हणून माझं मत ‘समज-शोधिका’ला. रिसर्च पेपरात वगैरे भारदस्त हवं असेल तर ‘संकल्पना-शोधिका’ लिहा, हरकत नाही. क्रियापदं मात्र परीक्षेचीच ठेवा, शिक्षक शोधिका घेतात आणि मुलं ती देतात, उलटं केलंत तर वाचणारा गोंधळेल.