कॉफीमेकर कुठला घेऊ? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ताई, घरात आम्ही दोघंच. आत्तापर्यंत इन्स्टंटवर भागवत होतो, आता मात्र खरी कॉफी करून प्यायची असं ठरवलंय. पण बघायला गेलं तर ड्रिप मशीन, फ्रेंच प्रेस, मोका पॉट, एस्प्रेसो मशीन, कॅप्सूलवालं मशीन... डोकं चालेनासं झालंय. एकच घ्यायचं तर कुठलं घेऊ?

उत्तर : मशीन जरा बाजूला ठेवा आणि आधी हे ठरवा की तुम्हाला कॉफी प्यायची कशी आहे, काळी की दुधाची, मोठा मग घेऊन निवांत की छोट्या कपात कडक, आणि करायला रोज किती वेळ द्यायची तयारी आहे. याची उत्तरं मिळाली की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

काळी किंवा अगदी थोडं दूध घालून पीत असाल तर फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीचा दांडा खाली नेऊन कॉफी गाळायचं भांडं, किंवा कागदी फिल्टरचा साधा कोन, ज्याला पोअर ओव्हर म्हणतात, यातलं एक घ्या. दोन्ही स्वस्तात येतात, बिघडण्यासारखं त्यात काही नाही. फरक चवीत आहे. प्रेसच्या जाळीतून कॉफीचं तेल आणि थोडा बारीक गाळ कपात येतो त्यामुळे कॉफी दाट लागते, कागद तेच अडवतो म्हणून कोनातली कॉफी हलकी, स्वच्छ आणि जास्त सुगंधी. कागदी फिल्टर आला तोच मुळी गाळाला कंटाळून. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घालून कॉफी गाळली आणि १९०८ मध्ये त्यावर हक्क नोंदवला, आज आपण वापरतो ती सगळी कागदी फिल्टरची पद्धत तिथून सुरू झाली.

दुधाचीच कॉफी आवडत असेल तर मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवायचं भांडं, ज्यात खालचं पाणी वाफेच्या दाबाने पावडरीतून वर येतं आणि कॉफी कडक होते. एस्प्रेसो, म्हणजे जोरदार दाबाने काढलेली छोटी कडक कॉफी, करणारं मशीन मी पहिलं मशीन म्हणून कधीच सुचवत नाही, ते चांगलंच असतं पण त्याच्या जोडीला तितकाच चांगला ग्राइंडर लागतो, रोजची साफसफाई लागते आणि हात बसायला वेळ लागतो. कॅप्सूलमध्ये सोय आहे, मान्य, पण एका छोट्या कॅप्सूलमध्ये साधारण ५-६ ग्रॅमच पावडर असते, त्यात मोठा मग भरायला गेलात तर पाणचटच होणार, आणि दळण किंवा प्रमाण बदलायची काही सोय तुमच्या हातात राहत नाही.

तुम्हा दोघांसाठी माझं मत सरळ आहे : भांडं साधं घ्या आणि वाचलेले पैसे ग्राइंडरला लावा. हाताने फिरवायचा चालेल, पण बरवाला हवा. का ते पुढच्या उत्तरात येतंयच.

प्रश्न : तीच पावडर, तेच भांडं, तोच चमचा, तरी माझी कॉफी एक दिवस कडू आणि दुसऱ्या दिवशी आंबट कशी होते?

उत्तर : हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण हे कळलं की बाकी सगळं कळतं.

गरम पाणी पावडरीला लागलं की सगळ्या चवी एकदम उतरत नाहीत. आंबटपणा लवकर उतरतो, गोडवा आणि भरीवपणा मागून येतो आणि कडू-तुरट चवी शेवटपर्यंत उतरत राहतात. पावडरीच्या वजनाच्या साधारण १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला की बहुतेकांना ती कॉफी छान लागते, कमी उतरला तर आंबट, रिकामी, जास्त उतरला तर कडू आणि जिभेला कोरडं करणारी. किती उतरणार हे ठरतं दळण, वेळ, पाण्याचं तापमान आणि प्रमाण यांवर. दळण बारीक असेल तर भराभर उतरतं, जाडं असेल तर हळू.

आता तुमचा चमचा. चमच्याने मोजलेली कॉफी रोज सारखी नसते, कारण डार्क रोस्टचे, म्हणजे जास्त भाजलेले, दाणे फुगून हलके झालेले असतात आणि लाइट रोस्टचे, म्हणजे कमी भाजलेले, जड, शिवाय बारीक पावडर चमच्यात दाबून बसते. म्हणून स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा वापरा. एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम कॉफी इथून सुरुवात करा, म्हणजे २५० मिली पाण्याला १५ ग्रॅम. पाणीही काट्यावरच मोजा, १ मिली म्हणजे १ ग्रॅम, सोपं आहे.

दुसरा संशय मला तुमच्या ग्राइंडरवर आहे. ब्लेडवाला, म्हणजे मिक्सरसारखं पातं फिरणारा ग्राइंडर दाणे दळत नाही, फोडतो, त्यामुळे एकाच पावडरीत पीठही असतं आणि मोठे तुकडेही. पिठातून कडू उतरतं, तुकड्यांमधून आंबट, आणि दोन्ही चवी एकाच कपात येतात, मग तुम्ही काहीही बदला ताळमेळ बसत नाही. बर ग्राइंडरमध्ये दोन दातेरी चकत्यांमधल्या ठरलेल्या अंतरातून दाणा जातो म्हणून कण बऱ्यापैकी सारखे निघतात. महागड्या मशीनमध्ये वाईट दळण घातलं तर कॉफी वाईटच होते, उलट चांगलं दळण असेल तर साध्या कोनातही सुंदर कॉफी होते, हे मी पुन्हा पुन्हा सांगत राहणार आहे.

मग करायचं काय, तर प्रमाण आणि पाणी पक्कं ठेवा आणि फक्त दळण बदला. आंबट लागली की ग्राइंडर एक घर बारीक, कडू लागली की एक घर जाडं. एका वेळी एकच गोष्ट बदला नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणारच नाही. आणि कडक आणि कडू यात गल्लत नको. कॉफी फिकी वाटते म्हणून लोक तीच पावडर आणखी वेळ पाण्यात ठेवतात, त्याने ती कडू होते, नीट कडक हवी असेल तर पावडरच वाढवायची.

प्रश्न : फ्रेंच प्रेस आहे. नेमकं कसं करायचं ते एकदा सांगाल का?

उत्तर : ५०० मिली पाण्याला ३० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबा आणि मग सगळं ओता, ४ मिनिटं हात लावू नका. वर साय आल्यासारखा पावडरीचा थर जमतो तो चमच्याने हलकेच मोडा, बरीचशी पावडर खाली बसेल, वर राहिलेला फेस काढून टाका. मग दांडा सावकाश खाली न्या, तळापर्यंत जोर लावून दाबायची गरज नाही, दाबलं की गाळ वर उठतो. आणि झाल्या झाल्या सगळी कॉफी ओतून घ्या, भांड्यात ठेवली तर ती पावडरीला लागून राहते आणि दुसरा कप कडू होतो.

जाता जाता एक, घेताना खोक्यावरच्या 'कप'वर जाऊ नका. ८ कपांचा प्रेस म्हणजे साधारण १ लिटर, ३ कपांचा म्हणजे ३५० मिली, त्यात एकाचाच मोठा मग होतो.

प्रश्न : ऑफिससाठी इलेक्ट्रिक ड्रिप मशीन घ्यायचंय, सात-आठ जण पिणारे. काय बघून घ्यावं? टायमर, वायफाय वगैरे बरंच काय काय असतं.

उत्तर : टायमर ठीक, वायफाय सोडा. बघायचं ते हे की मशीन पाणी ९० ते ९६ अंशांपर्यंत तापवतं का आणि शेवटपर्यंत तसंच ठेवतं का. कमी वॅटच्या मशीनला हे झेपत नाही, मोठ्या मशीनमध्ये १२०० वॅटच्या वर असेल तर बरं. दुसरं, पाणी पावडरीवर सगळीकडे पडतं का, एकाच भोकातून मधोमध धार पडत असेल तर मध्ये खड्डा होतो आणि कडेची पावडर अर्धी कोरडी राहते. पूर्ण भांडं ४ ते ८ मिनिटांत भरलं पाहिजे.

आणि काचेच्या भांड्याखाली तापणारी प्लेट असलेलं मशीन ऑफिसमध्ये मुळीच नको. तिथे कॉफी तासभर तापत पडते आणि जळकट होते. थर्मासवालं भांडं असलेलं घ्या. ड्रिप मशीनचा 'कप' साधारण १२५ ते १५० मिलीचा धरलेला असतो, तुमच्या लोकांचे मग ३०० मिलीचे असतील तर १० कपांचं मशीन म्हणजे चार-पाच मग, हा हिशोब आधीच करा.

प्रश्न : मोका पॉटमधली कॉफी जळल्यासारखी लागते. गॅस मोठा ठेवला तरी तेच, लहान ठेवला तरी तेच.

उत्तर : खालच्या भागात गार पाणी भरत असणार तुम्ही. ते तापेपर्यंत सगळा पॉट तापतो आणि मधल्या डब्यातली पावडर ओली व्हायच्या आधीच भाजून निघते. पाणी वेगळं गरम करून घ्या आणि आतल्या बाजूने सेफ्टी व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच भरा. पावडर एस्प्रेसोपेक्षा थोडी जाडी, डबा काठोकाठ भरून वरून सपाट करा पण दाबू नका. खालचा भाग गरम असतो तेव्हा फडक्याने धरून घट्ट बसवा, मग मंद आच, झाकण उघडं. कॉफी मधासारखी संथ यायला हवी, फिकट होऊन फुसफुस आवाज सुरू झाला की लगेच उतरवा आणि बूड नळाखाली धरा म्हणजे येणं थांबेल. तो शेवटचा फुसफुसाट म्हणजे वाफ आणि अतिगरम पाणी, कडूपणा बराचसा तिथूनच येतो.

अल्फोन्सो बिआलेटी यांचा १९३३ मधला इटलीतला हा पॉट आजही जवळपास तसाच आहे आणि मला स्वतःला फार प्रिय आहे. पण त्याला एस्प्रेसो समजू नका, त्यात दाब जेमतेम १-२ बार (बार हे दाब मोजायचं एकक) तयार होतो. ॲल्युमिनियमचा असेल तर डिशवॉशरमध्ये घालू नका, काळा पडतो.

प्रश्न : दुकानात एक एस्प्रेसो मशीन १५ बारचं होतं, दुसरं २० बारचं. २० चं जास्त चांगलं ना?

उत्तर : नाही. एस्प्रेसोला पावडरीवर साधारण ९ बार दाब लागतो, खोक्यावरचा आकडा म्हणजे पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो तो. त्यापेक्षा हे विचारा की साधी, एका भिंतीची बास्केट, म्हणजे पावडर भरायची भोकांची वाटी, मिळते का. दुहेरी भिंतीच्या बास्केटला खाली एकच बारीक भोक असतं, त्यातून कुठल्याही पावडरीचा फेस निघतो, दिसायला क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवर येतो तो फेस, पण चवीला काही नाही. साध्या बास्केटमध्ये १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅमच्या आसपास एस्प्रेसो २५ ते ३० सेकंदांत यावा, लवकर आला तर दळण बारीक करा.

प्रश्न : माझी दुधाची कॉफी नेहमी पाणचट होते. दूध जाड घेऊन पाहिलं.

उत्तर : दुधाचा दोष नाही. फ्रेंच प्रेसची किंवा ड्रिपची कॉफी आधीच पातळ असते, तिच्यात तेवढंच दूध घातलं की ती हरवते. मोका पॉट वापरा, किंवा प्रेसमध्येच पावडर तेवढीच ठेवून पाणी निम्मं करा आणि राहिलेल्या निम्म्याच्या जागी गरम दूध घाला. दूध ६०-६५ अंशांच्या आसपास गोड लागतं, उकळू नका, आणि तयार कॉफी दुधात घालून पुन्हा गॅसवर तर अजिबात नको.

प्रश्न : कॉफीचं पाकीट फ्रीजमध्ये ठेवावं का? आणि पावडर घ्यावी की दाणे?

उत्तर : दाणे. दळल्यावर सुगंध मिनिटांमध्ये उडायला लागतो, म्हणून करायच्या वेळी दळा. पाकिटावर एक्सपायरीपेक्षा रोस्ट केल्याची तारीख शोधा, भाजल्यावर दोन-चार दिवसांपासून महिनाभरापर्यंतची कॉफी मला उत्तम वाटते. फ्रीज नको, आत-बाहेर करताना ओल धरते आणि इतर पदार्थांचे वास ओढून घेते. घट्ट झाकणाचा, उजेड न लागणारा डबा, तोही शेगडीपासून लांब. जास्तच आणली असेल तर छोट्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि एक पुडी एकदाच बाहेर काढा.

ताजेपणा ओळखायचा तर कोनात १५ ग्रॅम कॉफीवर आधी फक्त ३०-४० ग्रॅम गरम पाणी घाला. ताजी कॉफी फुगून वर येते, भाजताना आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो म्हणून. अर्धा-पाऊण मिनिट थांबून मग उरलेलं पाणी हळूहळू ओता, सगळं मिळून तीनेक मिनिटं. ढिम्म हलली नाही तर ती बहुतेक जुनी आहे.

प्रश्न : वडिलांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, ते रोज फ्रेंच प्रेसची कॉफी पितात. बंद करायला सांगू का?

उत्तर : किती प्यायची ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. पद्धत मात्र आजच बदलू शकता. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो, तो एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं, कोलेस्टेरॉल वाढवतो, जाळीतून तो कपात येतो आणि कागदी फिल्टरमध्ये बहुतेक अडकतो. त्यांना कागदी फिल्टरचा कोन आणून द्या, प्रेसमधली कॉफी कागदातून गाळून घेतली तरी चालेल.

प्रश्न : पाण्याने खरंच फरक पडतो का? आणि मशीनमध्ये पांढरा थर जमलाय तो कसा काढायचा?

उत्तर : काळ्या कॉफीत ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, मग फरक पडणारच. फार जड पाण्यात कॉफी बोथट लागते, सगळे क्षार काढून टाकलेल्या पाण्यात सपाट, कारण चव नीट उतरायला थोडं मॅग्नेशियम-कॅल्शियम लागतंच. विरघळलेले क्षार लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास असले तर उत्तम. आरओचं पाणी वापरत असाल तर त्यात थोडं साधं पिण्याचं पाणी मिसळून बघा.

पांढरा थर त्याच क्षारांचा. लिटरभर पाण्यात एक-दोन चमचे सायट्रिक ॲसिड विरघळवून अर्धं मशीनमधून जाऊ द्या, मशीन बंद करून वीस मिनिटं थांबा, मग उरलेलं सोडा आणि नंतर दोन-तीन वेळा नुसतं पाणी. मशीनच्या पुस्तिकेत वेगळं काही सांगितलं असेल तर तेच ऐका, काही मशीनना व्हिनेगर चालत नाही. भांड्याला, जाळीला जो तपकिरी चिकटा धरतो तो मात्र क्षारांचा नाही, कॉफीच्या तेलाचा आहे, तो खवट होतो आणि नव्या कॉफीत उतरतो. सायट्रिक ॲसिडने तो जात नाही, त्याला साबण आणि गरम पाणीच लागतं आणि तेही रोज, आठवड्याने नाही.