१९७२ च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या साध्या गिअरबॉक्सला मागून ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी करणारं युनिट) जोडता येईल का?

नाही, नुसतं लेकॉक कंपनीचं ओव्हरड्राइव्ह युनिट आणून जोडता येत नाही. ओव्हरड्राइव्हसकट अख्खा गिअरबॉक्सच घ्या. दोन्ही गिअरबॉक्सचे मेनशाफ्ट (आतले मुख्य दांडे) शेजारी ठेवून पाहिलेत की कारण कळतं: ओव्हरड्राइव्हच्या शाफ्टचं मागचं टोक वेगळं असतं, त्यावरच युनिटचा तेलपंप चालतो. गिअरबॉक्स चारही गिअरना सिंक्रोमेश (गिअर खरखर न करता पडावा म्हणून असलेली रचना) असलेल्या, म्हणजे १९६८ नंतरच्या गाडीचा बघा. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढावे लागतात, म्हणून क्लच आणि क्रँकचं मागचं ऑइल सील त्याच वेळी बदलून टाका. मेहनत वसूल होते; ताशी ७० मैलांवर इंजिन साधारण ३९०० ऐवजी ३२०० आरपीएमवर शांत चालतं. मात्र स्पीडोमीटरही ओव्हरड्राइव्हचाच लावा, नाहीतर काटा चुकीचा वेग दाखवेल.