टबच्या कडेची फट आणि खालच्या मजल्यावरची ओल

प्रश्न : ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाथटब तीन बाजूंनी भिंतीला लागून आहे. टब आणि टाइल्सच्या मधली फट सारखी उघडते, काळी पडते, दोनदा व्हाइट सिमेंट भरून झालं. आता खालच्या काकूंच्या छताला ओल आलीय. मिस्त्री म्हणतो जुन्या टाइल्सवरच नवीन लावू, तोडफोड नको. करू का?

उत्तर : ताई, अजिबात नका करू. पाणी टाइलच्या मागे गेलंय, पुढून दुसरी टाइल चिकटवून ते थांबणार कसं? शिवाय जुनी टाइल आतून सुटली असेल तर तिच्यावरची नवीनही तिच्याबरोबरच खाली येणार. आधी थापीच्या मुठीने टाइल्स ठोकून बघा, आवाज पोकळ आला की समजा आत माल राहिलेला नाही, त्या टाइल्स काढायलाच हव्यात.

पण खरं दुखणं त्या व्हाइट सिमेंटमधे आहे. टब भरला की दीडदोनशे लिटर पाणी म्हणजे तेवढेच किलो वजन, त्यात माणूस बसतो, आणि अ‍ॅक्रिलिकचा टब असेल तर तो थोडा तरी दबतोच, भिंत मात्र जागची हलत नाही, मग मधलं कडक सिमेंट तडकणार नाही तर काय होणार. तिथे रबरासारखं लवचिक राहणारं सिलिकॉनच हवं, बाथरूमसाठीचं बुरशी न धरणारं. आधीचं सगळं खरवडून काढायचं, जागा पूर्ण कोरडी करायची, मग टब पाण्याने भरायचा आणि भरलेला असतानाच सिलिकॉन मारायचं. वाळेपर्यंत, निदान एक दिवस तरी, टबमधलं पाणी काढायचं नाही. असं केलं की टब आधीच खाली दबलेला असतो, नंतर जॉइंट ताणला जात नाही. मिस्त्री घाई करतात, तुम्ही करू देऊ नका.

आता टाइल्स काढताच आहात तर टबही उचला, कारण खालची ओल टबच्या आउटलेटच्या जॉइंटमधूनही येत असू शकते, तो प्लंबरकडून बघून घ्या. भिंतीला प्लास्टर नवीन झालं की ते नीट मुरू द्या आणि मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक आडवा एक उभा, जमिनीपासून शॉवरच्या वरपर्यंत, कोपऱ्यात फायबरची जाळी घालून. जमिनीवर पाणी साठवून एक दिवस ठेवा आणि खाली काकूंकडे जाऊन स्वतः छत बघून या. हे झाल्याशिवाय एकही टाइल लावू देऊ नका.

टब लेव्हलमधे बसवल्यावर मिस्त्रीला सांगा, पहिली ओळ टबवर टेकवून सुरू करायची नाही. टबची कड क्वचितच अगदी सरळ असते, तिच्यावर टेकवली की वरची सगळी रांग तिरकी जाते. भिंतीवर सरळ पट्टी ठोकून दुसऱ्या ओळीपासून वर चढायचं, खालची ओळ शेवटी मापाने कापून लावायची आणि टबपासून तीनेक एमएम फट सोडायची, त्याच फटीत ते सिलिकॉन जातं. आणि टबच्या पुढच्या बाजूला आउटलेटपाशी उघडता येईल असं झाकण ठेवायला सांगा, नाहीतर उद्या प्लंबर आला की पहिली टाइल फोडूनच काम सुरू करेल.

प्रश्न : टबभोवती सिरॅमिक घ्यावी की व्हिट्रिफाइड? दुकानदार म्हणतो व्हिट्रिफाइडच घ्या. (कोल्हापूर)

उत्तर : भिंतीला चांगली सिरॅमिक पुरते. व्हिट्रिफाइड घ्यायची तर घ्या, पण ती पाणी जवळपास पितच नाही, अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणून साध्या सिमेंटला नीट धरत नाही, तिला अ‍ॅडहेसिव्हच लागतं. पिशवीवर आयएस १५४७७, म्हणजे टाइल अ‍ॅडहेसिव्हचा भारतीय मानक क्रमांक, आणि टाइप २ किंवा त्याच्या वरचा प्रकार बघून घ्या. ते खाचेदार थापीने सगळीकडे पसरायला लावा, चार कोपऱ्यात चार गोळे ठेवून टाइल दाबायची पद्धत मला अजिबात पटत नाही, मधे पोकळी राहते आणि तिथेच पाणी साठतं. सिरॅमिक सिमेंटवर लावणार असाल तर आदल्या रात्री भिजत घाला, अ‍ॅडहेसिव्हवर लावणार असाल तर कोरडीच लावा.