वेगळ्या गॅरेजपर्यंत स्मार्ट होमची रेंज कशी न्यायची?

गॅरेज घरापासून २५ मीटरवर आणि तिथला झिगबी (स्मार्ट उपकरणांची, वायफायपेक्षा वेगळी वायरलेस पद्धत) सेन्सर सारखा ऑफलाइन जातो, हा तुमचा प्रश्न. वायफाय एक्स्टेंडर घेऊ नका, झिगबीला त्याचा काडीचाही उपयोग नाही. घराच्या गॅरेजकडच्या खिडकीजवळ एक झिगबी स्मार्ट प्लग लावा, दुसरा गॅरेजमध्ये. सतत विजेवर चालणारी बहुतेक झिगबी उपकरणं सिग्नल पुढे पोचवतात, बॅटरीवरची नाही. लोखंडी शटर सिग्नल अडवतं, म्हणून आतला प्लग खिडकीच्या रेषेत हवा. मग सेन्सर गॅरेजमध्येच पुन्हा पेअर करा. माझ्याकडे त्यानंतरच जमलं.

कॅमेराही लावणार असाल, तर मात्र जमिनीखालून पाइपात केबल टाकून तिकडे ॲक्सेस पॉइंट (कॅमेऱ्याला वायफाय देणारं उपकरण) बसवा. कॅट-६ (तांब्याची नेटवर्क केबल) १०० मीटरपर्यंत चालते. विजा पडणारा भाग असेल तर फायबरच टाका, त्यातून वीज वाहत नाही.