फारसा प्रसिद्ध नसलेला, आपल्याच मुलखात वाजवत राहिलेला असा ऐकण्यासारखा ब्लूज ड्रमर कोण?

सॅम कार. डोळे झाकून सांगतो.

मी ड्रम शिकलो गल्लीतल्या बँजो पार्टीत. तिथे जितकं बडवाल तितकी शाबासकी. त्यामुळे जेली रोल किंग्ज या सॅमच्या तिघांच्या बँडची १९७९ ची रेकॉर्ड 'रॉकिन द ज्यूक जॉइंट डाउन' पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, हा बाबा वाजवतोय की नुसता बसलाय? मग हेडफोन लावून सोबत वाजवायला गेलो आणि तिसऱ्या आवर्तनात सपशेल घसरलो.

घसरलो ते शफल या ब्लूजच्या झुलत्या लयीत. शफल म्हणजे एका मात्रेचे तीन भाग करायचे आणि मधला गाळायचा. गणित एवढंच. पण तो गाळलेला भाग किती रेंगाळू द्यायचा, यात सगळी मेख आहे. सॅमचा सेट तीन नगांचा, त्यामुळे लपायला जागाच नाही. टॉमवर (घुमणाऱ्या जादा ड्रमवर) गडगडाट करून वेळ मारून नेण्याची सोय नाही. स्नेअरवरचा (कडक वाजणाऱ्या छोट्या ड्रमवरचा) ठोका मात्र असा बसतो की पाय आपोआप हलतो.

जन्म १९२६, आर्कन्सॉतल्या मार्व्हेलजवळ. वडील स्लाइड गिटारवाले रॉबर्ट नाइटहॉक, पण पोराला वाढवलं मिसिसिपीतल्या डंडीजवळच्या कार कुटुंबाने. आडनावही त्यांचंच. पुढे वडिलांकडे गेला तो त्यांची गाडी चालवायला! सेंट लुइसला त्याने स्वतःचा बँड काढला, गायक आणि हार्मोनिकावाला फ्रँक फ्रॉस्ट भेटला, दोघं हार्मोनिकावाल्या सनी बॉय विल्यमसनबरोबर फिरले. मग परत डेल्टात, म्हणजे मिसिसिपीतल्या आपल्या मुलखात. तिथे बिग जॅक जॉन्सन गिटार घेऊन सामील झाला आणि १९६२ मध्ये सॅम फिलिप्सने (एल्व्हिसची पहिली रेकॉर्ड काढणारा तोच) या तिघांचं वाजवणं रेकॉर्डवर आणलं. नाव लागलं फ्रॉस्टचं. ड्रमरचं नशीब, दुसरं काय.

पोट काही ज्यूक जॉइंटवर, म्हणजे नाचगाण्याच्या छोट्या गुत्त्यांवर, भरत नव्हतं. सॅम दिवसा शेतावर ट्रॅक्टर चालवायचा. जॅक तेलाचा ट्रक चालवायचा, म्हणून त्याला 'ऑइल मॅन' म्हणत. मला वाटतं, ही माणसं घाई करत नाहीत ती यामुळेच. २००७ मध्ये मिसिसिपीच्या गव्हर्नरचा कला पुरस्कार सॅमला मिळाला. २००९ च्या सप्टेंबरात क्लार्क्सडेलला तो गेला.

ऐकायला सुरुवात १९७९ च्या रेकॉर्डपासून करा. पहिल्या खेपेला कान जॅकच्या गिटारकडेच जाईल, जाऊ द्या. दुसऱ्या खेपेला फक्त स्नेअर ऐका.